अफूजन्य व्यसनांवरील उपचार आणि शासनाची देखरेख

अमली पदार्थ नियंत्रण विभागाने नोव्हेंबर 2021 मध्ये नांदेड येथे छापा घालून अफूच्या बोंडांचा 111 किलो चुरा जप्त केला. अशा कारवाईने पुरवठा रोखला जातो. परंतु ज्यांच्या शरीराला अफूची सवय जडली आहे, त्यांचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे 2 कोटी 26 लाख लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात व त्यांपैकी सुमारे 77 लाखांना उपचाराची गरज आहे. हा उपचार कोठे, कोणाकडून व कोणाच्या देखरेखीखाली होतो, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

उपचाराचे स्वरूप

अफू, हेरॉईन किंवा काही वेदनाशामक औषधे यांची सवय जडलेल्या माणसाने ती एकाएकी सोडल्यास अंगदुखी, जुलाब, निद्रानाश व तीव्र अस्वस्थता सुरू होते. काही दिवसांनी हा त्रास ओसरतो. ओढ मात्र टिकून राहते. येथे एक धोका ध्यानात घेणे अगत्याचे आहे. खंडामुळे शरीराची सहनशक्ती घटलेली असते. अशा स्थितीत पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. महिनाभर कोंडून ठेवून घरी पाठविणे, एवढ्याने उपचार पूर्ण होत नाही तो यामुळेच.

यावर मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे उपयोगी पडतात. मेथाडोनचा द्रव दिवसातून एकदा पाजला जातो. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळवितात. त्यामुळे ओढ आटोक्यात राहते व रुग्ण कामधंदा करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. भारतात 2012 मध्ये सुरू झालेल्या मेथाडोन प्रकल्पाच्या मोजक्या केंद्रांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा समावेश होता.

देखरेखीच्या दोन बाजू

पहिली देखरेख औषधावर असते. ही औषधे स्वतःच सवय लावणारी असल्याने ती बाजारात झिरपू नयेत, याची काळजी घ्यावी लागते. म्हणून आरंभी प्रत्येक मात्रा कर्मचाऱ्यासमक्ष दिली जाते व साठ्याचा हिशेब ठेवला जातो. अमली पदार्थविषयक कायदा 1985 सालचा आहे. त्यातील 2014 च्या दुरुस्तीने उपचारकेंद्रे स्थापन करण्याबरोबरच त्यांना मान्यता देण्याचा अधिकार शासनास मिळाला. 2015 साली मेथाडोनची गणना अत्यावश्यक अमली औषधांत झाली.

दुसरी देखरेख रुग्णाच्या हक्कांवर असते. 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनाशी निगडित मनोविकारांचाही आजारात समावेश केला. त्यानुसार अशा रुग्णांना दाखल करून उपचार करणाऱ्या केंद्राने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. विनानोंदणी केंद्र चालविल्यास पहिल्या वेळी 5 हजार ते 50 हजार रुपये दंड होऊ शकतो. रुग्णास साखळीने बांधणे पूर्णतः निषिद्ध आहे. दाखल रुग्णास मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

या दोन्ही बाजू सारख्याच आवश्यक आहेत. पहिली ढिली पडली तर उपचाराचे औषधच नव्या व्यसनाला कारण होते; दुसरी ढिली पडली तर उपचाराच्या नावाखाली माणूस कोंडला जातो.

गावपातळीवरील कर्तव्य

नियम कितीही चोख असले तरी अंतराचा प्रश्न उरतो. किनवटच्या मजुराला नांदेडला किंवा उदगीरच्या मजुराला लातूरला औषधासाठी रोज जावे लागले, तर त्याची मजुरी बुडेल व काही दिवसांत उपचारही सुटेल. म्हणून प्रकृती स्थिरावल्यावर काही दिवसांची औषधे घरी देण्याची सोय तज्ज्ञाच्या सल्ल्याने करणे आणि कुटुंबाने त्यावर लक्ष ठेवणे आवश्यक ठरते. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सल्ल्यासाठी प्रथम तेथील मनोविकृतिशास्त्र विभागाकडे जावे.

ग्रामपंचायत सदस्यांनी कोणत्याही केंद्राची शिफारस करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: नोंदणीचे प्रमाणपत्र, पात्र डॉक्टरांची नियमित उपस्थिती आणि नातलगांना भेटीची मुभा. शिक्षकांनी व्यसनी पालकाच्या मुलाला वर्गात कमीपणा येऊ देऊ नये. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यास कायद्यातील कलम 64-अ समजावून सांगावे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने शासकीय अथवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार पूर्ण करावा लागतो. मार्गदर्शनासाठी 14446 हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

मादक पदार्थांच्या सेवनास आळा घालणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 47 ने राज्याचे कर्तव्य मानले आहे. बंदीइतकेच उपचारही या कर्तव्यात मोडतात, हे ओळखून गावाने रुग्णाला लपवू नये आणि हाकलूही नये. त्याला नोंदणीकृत केंद्राच्या दारापर्यंत पोहोचवावे.