गाडी पळवली तरी वारा चटके का देतो?

प्रश्न : आम्ही दोघं मित्र मे महिन्याच्या सुट्टीत देऊळघाटहून मोटारसायकलींवर जैसलमेर आणि पुढे तनोटपर्यंत जायचं म्हणतोय. एकाची बुलेट आहे, दुसऱ्याची साधी शंभर सीसीची गाडी. घरचे म्हणतात, उन्हानं मराल. आमचं म्हणणं असं, की गाडी चालू असली की वारा लागतोच, मग ऊन काय करणार? पण मागच्या उन्हाळ्यात मलकापूरला जाताना गाडी जितकी पळवावी तितके चटके जास्त बसत होते. असं का होतं? अंगात जॅकेट घालावं की पातळ शर्ट? आणि टायरमध्ये हवा कमी ठेवावी का?
– एक वाचक, देऊळघाट (जि. बुलढाणा)

उत्तर : मलकापूरच्या रस्त्यावर तुम्हाला जे जाणवलं ते खरं आहे. घरच्यांना दिलेलं ‘वारा लागतोच’ हे उत्तर मात्र चुकीचं आहे. म्हणजे पहिल्या मुद्द्यावर घरचे जिंकले.

माणसाच्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो आणि बरं वाटतं. हवा ४५ अंशांवर गेली की व्यवहार उलटा होतो, हवाच अंगाला उष्णता देऊ लागते. एरवी अंगालगत हवेचा एक पातळसा थर असतो, तो थोडाफार आडोसा करतो. गाडी ताशी ८० ला लागली की तो थर टिकत नाही आणि दर सेकंदाला नवी तापलेली हवा येऊन भिडते. म्हणून वेग वाढला की चटकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हाच आहे, की तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर पंख्यावर भिस्त ठेवू नका, त्यानं शरीर उलट तापतं. तिथे घरातल्या पंख्याची ही कथा, तर मोटारसायकलवरच्या वाऱ्याचं काय सांगावं!

तुमच्याकडे हे समजून घ्यायला राजस्थानात जायचीही गरज नाही. देऊळघाट, बुलढाणा हे घाटावर. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालात की घाटाखालचा मुलूख सुरू होतो. कोरडी हवा शंभर मीटर खाली आली की साधारण एक अंशानं तापते, आणि बुलढाण्यापासून पूर्णेच्या खोऱ्यापर्यंतचा उतार काहीशे मीटरांचा आहे. मे महिन्यात दुपारी उतरत असाल तर एका वळणावर हातमोजा काढून पाहा. घाटमाथ्यावर सुसह्य वाटणारा वारा खाली बोटांच्या पेरांना झोंबायला लागतो. ते तीन-चार अंश नेमके त्या ‘उलट्या व्यवहारा’तले असतात.

मग वाळवंटात माणूस जगतो कसा? घामावर. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर तासाभरात साधारण ८०-१०० किलोकॅलरी उष्णता तयार करतं, त्यावरून घामाची ताकद लक्षात येईल. अट इतकीच, की घाम अंगावर वाळला पाहिजे आणि मुळात तो यायला शरीरात पाणी पाहिजे.

वऱ्हाडात घरोघरी कूलर असतो, तेव्हा हे सांगणं सोपं आहे. मे महिन्यात कूलरच्या गवती पडद्यांतून पाणी ओघळत असतं, कोरडी हवा त्यातून आत येते आणि खोली गारठते. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या की तोच कूलर नुसता चिकट वारा फेकतो, कारण हवेतच ओल असते आणि पाणी वाळत नाही. आणि ऐन मेमध्ये कूलरचा पंप बंद पडून पंखा मात्र चालू राहिला तर? बाहेरची झळ थेट अंगावर. पाणी न पिता, पातळ शर्टाची बटणं उघडी टाकून, भर दुपारी गाडी हाकणारा माणूस म्हणजे पंप बंद पडलेला कूलर. थरच्या वाळवंटातली उन्हाळी हवा आपल्या अकोला-मलकापूरकडच्या हवेसारखीच कोरडी असते, म्हणून घामाची युक्ती तिथे उत्तम चालते. पण पंप चालू ठेवायचं काम तुमचं.

यात एक फसवी गोष्ट आहे. त्या वाऱ्यात घाम आल्या आल्या वाळतो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. अंग कोरडं ठणठणीत, आणि संध्याकाळी बघावं तर शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. अशा प्रवासात तासाला एक लिटर, कधी त्याहून जास्त पाणी घामावाटे जाऊ शकतं. शिवाय पोट एका वेळी मर्यादितच पाणी शोषतं, त्यामुळे दुपारी ढाब्यावर दोन बाटल्या घटाघटा रिचवून सकाळची तूट भरत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी घोट-घोट पीत राहा. पाठीवर लावायची नळीवाली पाण्याची पिशवी याचसाठी असते, तो शौकिनांचा चोचला नव्हे. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ जातं ते भरून काढावं लागतं. दुकानातलं ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. राजस्थानात छाछ जागोजागी मिळते. ती म्हणजे आपलं ताकच, मीठ टाकून प्या. लघवी गडद पिवळी झाली असेल तर पुढचं गाव येईपर्यंत थांबू नका, मिळेल त्या सावलीत थांबा.

आता कपडे. पातळ अर्ध्या बाह्यांचा शर्ट हा उन्हाळ्यातल्या मोटारसायकलवरचा सर्वांत वाईट पोशाख. ऊन, गरम वारा आणि पडल्यावर डांबर, तिन्हींना सताड उघडा. अंग झाका. जगभरातले वाळवंटी लोक घोळदार कपड्यांत नखशिखांत झाकलेले असतात, ते उगाच नाही. त्यातले बदाऊन तर काळे झगे घालतात. काळं कापड ऊन जास्त शोषतं, मग असं का, याचा छडा लावण्यासाठी काही संशोधकांनी माणसाला काळा झगा, पांढरा झगा, लष्करी गणवेश असे वेगवेगळे कपडे घालून वाळवंटात भर उन्हात उभं केलं. १९८० साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आला : काळ्या झग्याचं कापड जास्त तापत होतं, पण ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचतच नव्हती. सैल झग्याच्या आत खेळणारी हवा ती वाटेतच बाहेर काढत होती. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ मध्ये नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगभ्रमंतीला निघाल्या, तेव्हा लोकांना त्या पोशाखाचं अप्रूप वाटलं. सैल, सुती कापडाच्या बाबतीत आपल्या आज्याही बदाऊनांच्या फार मागे नव्हत्या.

तेव्हा जॅकेट काळं की करडं यावर डोकं शिणवू नका. उभ्या गाडीवर रंगाचा फरक जाणवेल, चालत्या गाडीवर फारसा नाही. महत्त्वाचं आहे ते आतलं कापड. सुती बनियन किंवा टीशर्ट थांब्यावर पाण्यानं चिंब करा, वर जॅकेट चढवा, त्याच्या हवेच्या फटी थोड्याच उघड्या ठेवा. हवा हळूहळू आत येते, पाणी सावकाश वाळतं आणि घाम वाचतो. पूर्ण जाळीचं जॅकेट ३५ अंशांपर्यंत फार छान, ४५ ला मात्र तेच पाणी काही मिनिटांत उडून जातं. हेल्मेटची काच बंद ठेवा. आधी गुदमरल्यासारखं वाटतं, पण उघडी ठेवली तर गरम वारा थेट डोळ्यांत घुसतो. मानेभोवती ओला दुपट्टा घ्यायची विदर्भातली सवय अव्वल आहे, ती सोडू नका. फक्त दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचा. सुटलेलं टोक चेनमध्ये किंवा चाकात गेलं तर काय होतं, ते लिहायला नको. खिशातला कांदा? तो ऊन शोषून घेतो याला काही आधार नाही. कांदा जेवताना खा.

पाण्याची एक जुनी सोय सांगतो. राजस्थानात कॅनव्हासच्या पाण्याच्या पिशवीला छागल म्हणतात, पूर्वी जीपगाड्यांच्या पुढे ती लटकलेली असायची. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं वाळतं आणि आतलं पाणी गार राहतं. कुठे मिळाली तर बुलेटच्या बाजूला टांगा. प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी तासाभरात चहाचं आधण होतं.

गाड्यांची काळजी तुम्ही गरजेपेक्षा जास्त करताय. हवेवर गार होणाऱ्या इंजिनाचा माथा एरवीही दीडशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. बाहेर ३० ऐवजी ४५ अंश झाले तर त्याला फरक पडतो, पण तुमच्याइतका नाही. त्याला जाच होतो तो उभ्या उभ्या चालू राहण्याचा, म्हणजे फाटकावर, गर्दीत किंवा वाळूत चाक फिरवत बसल्यावर. थांबलात की इंजिन बंद करा. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच, निघण्याआधी बदललेलं. चेनला चिकट ग्रीस चोपडू नका, त्यावर वाळू बसते आणि चेन कानशीसारखी झिजते. एअर फिल्टर वाटेत एकदा तरी झाडून घ्या. दोन्ही गाड्यांचा वेग शंभर सीसीवाल्याच्या सोयीचा ठेवा. तिला बुलेटमागे दिवसभर पिळून काढली तर इंजिनाआधी मैत्री तापेल.

टायरबद्दल मात्र ठासून सांगतो, हवा कमी करू नका. समृद्धी महामार्गावर टायर फुटल्याच्या बातम्या वाचून हा समज पसरलेला दिसतो (तिथे दुचाकींना प्रवेशच नाही, हा भाग निराळा). टायर तापतो तो मुख्यतः त्याच्या कडा दर फेऱ्याला वाकतात म्हणून, आणि हवा कमी असली की त्या जास्त वाकतात. दर दहा अंशांना आतला दाब साधारण दीड पीएसआयनं वाढतो आणि कंपनीनं सांगितलेल्या आकड्यात ते गृहीत धरलेलं असतं. सकाळी टायर गार असताना हवा भरा आणि दुपारी आकडा वाढलेला दिसला म्हणून सोडू नका. सैल वाळूत शिरायचंच झालं तर थोडी कमी करतात, पण डांबरावर परत येताच भरून घ्यावी लागते. ‘उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल’ हा दरवर्षी फिरणारा निरोपही खोटा आहे. कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल भरणं सुरक्षित आहे, असा खुलासा इंडियन ऑइलनं जाहीरपणे केलेला आहे.

रस्ता मलकापूर, बुऱ्हाणपूर, इंदूर, उदयपूर, पाली, जोधपूर, पोकरण असा धरलात तर जैसलमेर सुमारे बाराशे किलोमीटर पडेल. पाली ते जोधपूरच्या वाटेवर चोटिला गावाजवळ ओम बन्नांचं देवस्थान आहे. तिथे आरएनजे ७७७३ क्रमांकाच्या बुलेटची पूजा होते, तुमच्यातला बुलेटवाला तिथे थांबल्याशिवाय राहणार नाही. जैसलमेरहून तनोट सुमारे १२० किलोमीटर. रामगढला टाकी भरून घ्या, पुढे रस्ता मोकळा आणि वस्ती तुरळक. वाऱ्यानं डांबरावर वाळूचे पट्टे येतात. त्यांवर ब्रेक दाबू नका, हँडल घट्ट न धरता सरळ जाऊ द्या. आंधी दिसली तर रस्ता सोडून थांबा आणि वाऱ्याकडे पाठ करा. अंधारात उंट रस्त्यावर बसलेले असतात, तेव्हा ऊन टाळायचं म्हणून रात्रभर गाडी चालवण्याचा बेत रद्द करा. पहाटे उजाडताच निघून दहाच्या आत मुक्काम गाठायचा, आणि उरलं तर पाचनंतर. दिवसाला तीनशे किलोमीटर फार झाले.

आणि महिना बदलता येत असेल तर बदलाच. १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली ते फलोदी पोकरणपासून जवळच आहे. डाकार रॅली ही जगातली सर्वांत नावाजलेली वाळवंटी शर्यत २०२० पासून सौदी अरेबियात भरते, आणि तिथे जातिवंत स्वार, मागे डॉक्टर, वर हेलिकॉप्टर असूनही ती जानेवारीत घेतात. तुमच्या मागे यातलं काहीच नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा, तनोटची माता तेव्हाही तिथेच असते.

तरीही मेमध्येच निघणार असाल, तर एकमेकांवर नजर ठेवा. सोबती असंबद्ध बोलू लागला, चिडचिडा झाला, गाडी डुलायला लागली, तर तो थकलेला नाही, त्याला ऊन लागलंय असंच धरा. अशा वेळी शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं, मग घाम येत असो वा नसो. सावलीत आडवं करा, जॅकेट-बूट काढा, असेल ते सगळं पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. ओल्या अंगावर वारा कामाचा असतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. हे करतानाच दुसऱ्या हातानं १०८ फिरवा, तो क्रमांक राजस्थानातही चालतो.