कुरकुरणारे नळ

आपल्याकडे थंडी पडली की शेकोटी पेटवावी, अंगावर घोंगडी घ्यावी, म्हणजे बहुधा काम भागते. इंग्लंडसारख्या देशात हिवाळ्यातील कित्येक रात्री पारा शून्याखाली उतरतो. तेथे घरच आतून उबदार ठेवावे लागते. त्यासाठी बहुतेक घरांत एक व्यवस्था केलेली असते. स्वयंपाकघरात किंवा तळघरात बॉयलर असतो. त्यात पाणी सुमारे ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि पंप ते नळांवाटे खोलीखोलीत पाठवितो. प्रत्येक खोलीत भिंतीलगत पोलादाची एक चपटी, पोकळ पेटी असते. तिला रेडिएटर म्हणतात. त्यात आपली उष्णता सोडून निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. शरीरात रक्त फिरावे तसे हे पाणी हिवाळाभर घरात फिरत असते, आणि तेही तेच ते पाणी! ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिची गरज लागणार आहे.

ही व्यवस्था नीट चालली असता जवळजवळ मुकी असते. परंतु एखाद्या रात्री सामसूम झाली, की भिंतींतून आवाज येऊ लागतात. कोठे गुळगुळ, कोठे टकटक, तर कोठे घरघर. घरधनी म्हणतो, पंप बिघडला. शेजारी म्हणतो, बॉयलरच बदला. नवा बॉयलर म्हणजे केवढा खर्च! शिवाय दोष दुसरीकडेच असला, तर तो खर्च करूनही आवाज तसाच राहतो. म्हणून जाणता कारागीर हत्यारे बाहेर काढण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारतो : आवाज कोठे येतो, आणि केव्हा येतो?

आवाज रेडिएटरमधून येत असेल आणि तो गुळगुळ असा असेल, तर रेडिएटरला हात लावून पाहावा. खाली ऊन आणि वर गार लागला, तर आत हवा अडकली आहे असे समजावे. ही हवा आली कोठून? चुलीवर पातेले ठेवले असता पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी त्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, हे तुम्ही पाहिले असेल. पाण्यात विरघळलेली हवाच तापल्यावर अशी बाहेर पडते. ती हलकी असल्यामुळे रेडिएटरच्या माथ्याशी साचते आणि पाण्याला तेथे जागा उरत नाही. उपाय सोपा आहे. पंप बंद करून पाणी निवू द्यावयाचे, वरच्या कोपऱ्यातील बारीक स्क्रूखाली फडके धरावयाचे आणि लहानशा किल्लीने तो किंचित सैल करावयाचा. 'फुस्स' करून हवा निघते. पाण्याचे थेंब दिसू लागले की स्क्रू पुन्हा आवळावयाचा, आणि नळांतील दाब उतरला असल्यास थोडे पाणी भरावयाचे.

आता टकटक. हा आवाज बहुधा जमिनीखालून किंवा भिंतीतून येतो, आणि तोही पाणी तापू लागताना वा निवू लागताना. येथे दोष पाण्याचा नव्हे, बॉयलरचाही नव्हे. धातू तापला की लांबतो. तांब्याचा १० मीटर लांबीचा नळ ६० अंशांनी तापला, तर सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. तिकडील घरांत हे नळ लाकडी तुळयांना पाडलेल्या खाचांतून नेलेले असतात. खाच घट्ट असली म्हणजे वाढणारा नळ तेथे अडतो, ताण साठवितो आणि मग एकदम निसटतो, तोच 'टक्'. खाच थोडी रुंद करून नळाखाली नमद्याची पट्टी घातली की काम झाले. एवढ्यासाठी बॉयलर बदलणाऱ्याला काय म्हणावे?

क्वचित हातोडा मारल्यासारखे ठोके ऐकू येतात. वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडविले गेले, तर त्याचा दाब फार वाढतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकॉव्स्की यांनी १८९८ मध्ये या धक्क्याचे गणित मांडले. रेडिएटरवरील आपोआप मिटणारी झडप उलटी बसविली गेली असली, तरी असे ठोके पडतात. पुष्कळशा झडपांवर पाण्याची दिशा दाखविणारा बाण असतो. तो पाहून झडप सुलटी बसवावी.

राहिली घरघर. ती खुद्द बॉयलरमधून येते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आधण येण्यापूर्वी पातेले 'सूं सूं' करू लागते. तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या कमी तापलेल्या पाण्यात शिरताच मिटतात, त्यांचा तो आवाज. बॉयलरमधील पाणी उकळावयाचे नसते. मग तेथे वाफ का व्हावी? लंडनच्या आसपासच्या पाण्यात चुनखडीचा अंश पुष्कळ असतो. आपल्याकडेही जड पाण्याच्या विहिरीवर भरलेल्या भांड्यांच्या बुडाशी पांढरा थर बसतो, तोच हा. असा थर बॉयलरच्या तापणाऱ्या भागावर बसला, की तेथील पाण्याची वाट अरुंद होते. कोपऱ्यात अडकलेले पाणी अति तापते, त्याची वाफ होते, ती मिटते आणि घरघर सुरू होते. अशा स्थितीत धातूही भलताच तापतो आणि कालांतराने त्याला तडा जाऊ शकतो. मग ऐन हिमवृष्टीत घर गारठते, आणि त्या घरात तान्हे मूल किंवा वृद्ध आजी असेल तर तो जिवाशी खेळ होतो.

पण नळांत जर तेच ते पाणी फिरते, तर त्यातील चुना कितीसा असणार? पहिल्यांदा भरलेल्या पाण्यात असेल तेवढाच! याचा अर्थ असा, की इतका थर बसावयाचा तर नवे पाणी वरचेवर आत आले असले पाहिजे. येथे गुळगुळ पुन्हा आठवा. हवा एकदा काढली की ती फारशी परत येऊ नये. ती दर आठवड्यास येत असेल आणि दर आठवड्यास पाणीही भरावे लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर नवी हवा येते, नवा चुना येतो आणि रेडिएटरच्या पोलादास आतून गंजविणारा प्राणवायूही येतो. गंजाचा काळा गाळ पाण्याबरोबर फिरून बॉयलरची वाट आणखी अडवितो. शिवाय आत लोखंड आणि पाणी यांच्या क्रियेने हायड्रोजन वायू तयार होऊ शकतो. तो ज्वालाग्राही असल्यामुळे हवा काढताना जवळ दिवा किंवा काडी कधीही धरू नये.

तेव्हा पहिल्या वर्षीची गुळगुळ आणि काही वर्षांनंतरची घरघर यांचे मूळ पुष्कळदा एकच असते : जमिनीखाली थेंबथेंब गळणारा एखादा सांधा. तो तसाच ठेवून नवा बॉयलर बसविला, तर तोही काही वर्षांत घरघरू लागेल. चांगला कारागीर प्रथम तो सांधा शोधून बुजवितो, मग औषध घालून नळांतील चुना व गाळ धुऊन काढतो आणि शेवटी गंज रोखणारे द्रव्य पाण्यात मिसळतो. गॅसवर चालणारा बॉयलर उघडण्याचा अधिकार मात्र त्या देशात नोंदणी झालेल्या कारागिरासच आहे. घरच्या माणसांनी तेथे हात घालावयाचा नाही.

अभ्यास

१. रेडिएटर खाली ऊन व वर गार का लागतो?
२. टकटक हा आवाज तापताना व निवताना, असा दोन्ही वेळी का येतो?
३. एका घरात दर आठवड्यास नळांत पाणी भरावे लागते, परंतु अद्याप घरघर ऐकू येत नाही. त्या घरच्या मंडळींना तुम्ही काय सांगाल, आणि का?