टेलिफोनची तार, केबलवाला की फायबर?

रात्री नऊ वाजले की मालिकेतला नायक वाक्याच्या मध्येच तोंड उघडं ठेवून गोठतो आणि घरात ठराव पास होतो: हे कनेक्शन बदलून टाका. बदलायला हरकत काहीच नाही. पण घरात येणारी वायर कसली आहे, ती कुठून येते आणि तुटली की शिडी घेऊन कोण येतं, हे न पाहता नुसती कंपनी बदलली तर तोच मनस्ताप वेगळ्या नावाच्या बिलावर येतो.

आणि कंपनीला फोन करण्याआधी एक परीक्षा घरातच घ्यायची आहे. लॅपटॉप लॅन वायरने थेट राउटरला जोडा, बाकीच्यांचे फोन वायफायवरून काढा आणि वेग मोजा. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान. वायरवर प्लॅनइतका वेग दोन्ही वेळा मिळतोय आणि आतल्या खोलीतच रडतोय, तर बाहेरच्या लाईनचा दोष नाही. राउटर कुठे बसवलाय ते बघा. बहुतेक घरांत तो दाराच्या वर किंवा टीव्हीच्या मागे असतो, कारण वायर तिथून आत आली आणि लाईनमनला पुढे न्यायचा कंटाळा होता. घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. जुन्या राउटरवर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय असतं. दाटीवाटीच्या इमारतीत त्या पट्ट्यावर अख्ख्या मजल्याची गर्दी असते. दोन्ही पट्ट्यांचा बरा राउटर दीड ते अडीच हजारांत येतो, आणि दहा मीटर लॅन वायर काही शे रुपयांत. अनेक घरांचा प्रश्न इथेच सुटतो.

मोजताना एक हिशेब डोक्यात ठेवा. प्लॅनवर लिहिलेले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरवताना दिसतात ते मेगाबाइट, म्हणजे त्याला ८ ने भागायचं: साडेबारा. "शंभरचं घेतलं आणि बाराच येतोय" अशी तक्रार घेऊन भांडायला जाणाऱ्यांचं कनेक्शन बहुधा ठणठणीत असतं.

वायरवरही वेग मिळत नसेल, तर मात्र प्रश्न बाहेरचा.

टेलिफोनची तार

बीएसएनएलची 'डेटावन' आणि मुंबईत एमटीएनएलची 'ट्रायबँड' २००५ साली आली, ती घरोघरी आधीच पोचलेल्या तांब्याच्या तारेवर. हीच डीएसएल. आपला आवाज तारेवर ४ किलोहर्ट्झपर्यंतच जागा घेतो, त्याच्या वरच्या मोकळ्या पट्ट्यातून इंटरनेट जातं आणि भिंतीवरचा छोटा स्प्लिटर दोन्ही वेगळं करतो. कल्पना फार हुशारीची होती. अडचण एकच, अंतर. एडीएसएल २ प्लसचा कागदावरचा वेग २४ एमबीपीएस, तोही एक्स्चेंजपासून किलोमीटरभराच्या आसपास. तीन-साडेतीन किलोमीटरवर सात-आठ मिळाले तरी नशीब. हे अंतर तारेच्या वाटेने मोजायचं. एक्स्चेंज गॅलरीतून दिसत असलं तरी तार गावाला वळसा घालून आलेली असू शकते.

तुमची तार किती देऊ शकते हे मोडेमच सांगतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की बहुतेक मोडेमचं पान उघडतं. त्यात डीएसएल स्टेटसखाली तीन आकडे बघायचे. डाउनस्ट्रीम रेट म्हणजे मोडेम आणि एक्स्चेंज यांच्यात ठरलेला वेग. हा ४ एमबीपीएस असेल तर ८ चा प्लॅन घेऊन काडीचा उपयोग नाही, वरचे पैसे दर महिन्याला पाण्यात. दुसरा आकडा एसएनआर मार्जिन. तो ६ डेसिबलच्या खाली आला की लाईन सारखी तुटते. तिसरा अटेन्युएशन. तो पन्नाशीच्या पुढे असेल तर एक्स्चेंज लांब आहे, आणि त्यावर इलाज नाही.

मार्जिन कमी असेल, तर मात्र इलाज असतो. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि ऐका. शांत लाईन हवी. खरखर येत असेल तर कुठेतरी जोड ओला झालाय किंवा गंजलाय, आणि पावसाळ्यात हे हमखास होतं. बाहेरच्या खांबापासून घरातल्या रोझेटपर्यंतची (भिंतीवरची फोनची डबी) ड्रॉप वायर बदलून मागा. घरात दुसऱ्या खोलीत समांतर फोन घेतला असेल तर तो स्प्लिटरच्या फोनच्या बाजूनेच निघालाय ना, तेही पाहा. या दोन गोष्टींनी दोनाचे पाच झालेले मी पाहिलेत. पाचाचे पन्नास होत नाहीत.

डीएसएलचा दुसरा कमकुवतपणा अपलोडचा. तो जेमतेम १ एमबीपीएस असतो. घरून काम करताना समोरचे तुम्हाला नीट दिसतात, पण तुमचा आवाज त्यांना तुटक जातो, त्याचं कारण हेच. ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्याने तर या तारेच्या भरवशावर राहूच नये. आणि कोटा संपल्यावरचा वेग विचारून घ्या. सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत असत. २०२३ पासून ती किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली आहे. कोटा संपल्यावर काही जुने प्लॅन याच्याही खाली उतरतात.

केबलवाल्याची वायर

"केबलवाल्याचं नेट" या एका नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, म्हणून पहिला प्रश्न हाच: घरात नक्की कसली वायर येणार?

पहिली, टीव्हीचीच जाड, गोल कोॲक्सियल केबल आणि तिच्यावर केबल मोडेम. मुंबईत आणि काही मोठ्या शहरांत ही पद्धत होती, अजून थोडीफार आहे. वेग डीएसएलपेक्षा पुष्कळ जास्त मिळतो, पण ती वायर गल्लीतली सगळी घरं वाटून घेतात. डीएसएलची तार निदान एक्स्चेंजपर्यंत तुमची एकट्याची असते. केबलवर वाटणी गल्लीतच सुरू होते, म्हणून रात्री नऊनंतर आणि क्रिकेटच्या सामन्याला वेग बसतो.

दुसरी आपल्या शहरांत सर्रास दिसणारी: गच्चीवरून गच्चीवर गेलेली लॅन वायर. हिची गच्चीवरची बाजू एकदा जाऊन बघाच. पाण्याच्या टाकीच्या पाइपला तारेने बांधलेला प्लास्टिकचा डबा, त्यात आठ-सोळा पोर्टचा स्विच, त्याचा अडॅप्टर कुणाच्या तरी मीटरवरून घेतलेला, आणि डब्याच्या बुडाला पाणी जायला पाडलेलं भोक. लॅन वायर १०० मीटरच्या पुढे नीट चालत नाही, म्हणून असे डबे एकामागून एक साखळीने लावावे लागतात. त्यामुळे तुमच्याकडे लाईट आहे, पण दोन इमारती पलीकडे गेली आहे, एवढ्यावर तुमचं नेट बंद पडतं. विजा चमकल्या की पोर्ट जळतात. स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर त्यावरची सगळी घरं मिळून तेवढ्यातच भागवतात. २०० चा प्लॅन विकणाऱ्याला म्हणूनच विचारा: स्विच गिगाबिटचा आहे का, आणि त्याला बॅकअप आहे का?

तिसरी, थेट घरात येणारी फायबर. तीही वाटलेलीच असते, एका धाग्यावर ३२ किंवा ६४ घरं. पण तो धागा सुमारे अडीच गिगाबिटचा असतो, शिवाय खांबापासून घरापर्यंत वीज लागणारं काही नाही आणि पाऊस-विजेचं भय जवळपास नाही. लाईनमन जोडणी करून गेला की त्याच्याकडच्या पॉवर मीटरचा आकडा विचारा. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडे गेला तर आजच जोड पुन्हा करून घ्या, कारण उद्या घरातल्या फायबर मोडेमवरचा लाल दिवा लागेल आणि हाच माणूस चार दिवस फोन उचलणार नाही.

इथे एक गंमत सांगायला हवी. बीएसएनएलची फायबर जोडणी लहान शहरांत आणि खेड्यांत पुष्कळदा स्थानिक भागीदारच करतो, आणि तो भागीदार बऱ्याच वेळा गावातला केबलवालाच असतो. म्हणजे "सरकारी घ्यावं की केबलवाल्याचं" यावर घरात तावातावाने चर्चा चालते आणि शेवटी दोन्हीसाठी खांबावर चढणारा माणूस एकच निघतो. म्हणून कंपनीचं नाव पाहण्याआधी मजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारा: गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं? तक्रार केल्यावर माणूस कधी आला? आणि जमलं तर रविवारी रात्री त्याच्याकडेच वेग मोजा. मोजताना सर्व्हर दुसऱ्या शहरातला निवडा. स्थानिक कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर आकडा नेहमी गोंडस येतो.

खिशाला किती?

जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरायचा, हे पहिलं. जिओफायबरचा ३० एमबीपीएसचा ३९९ चा प्लॅन हातात ४७१ ला पडतो आणि १०० चा ६९९ वाला ८२५ ला. एअरटेलचा ४० चा ४९९ म्हणजे ५८९, १०० चा ७९९ म्हणजे ९४३. बीएसएनएल फायबरचा ४४९ वाला म्हणजे ५३०. दर बदलत राहतात, घेण्याच्या दिवशी ताजा आकडा बघावा, पण अंदाज एवढ्यात बसतो. स्थानिक केबलवाले ५० ते १०० एमबीपीएस साधारण ४०० ते ७०० रुपयांत देतात. तिथे कर धरून की वेगळा, हे विचारा आणि पावती मागा. पावती द्यायला कुरकुर करणारा पुढे डिपॉझिट परत करतानाही करतो.

१०० चा ८२५ वाला प्लॅन म्हणजे वर्षाला ९,९०० रुपये. त्यात जोडणीचा खर्च आणि राउटरचं डिपॉझिट मिळवा. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आधी भरले की जोडणी बहुधा माफ होते. मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे परवडतं. लहान केबलवाल्याला पहिल्या फेरीत वर्षाचे पैसे देऊ नयेत. तीन महिने द्यावेत, पाऊस बघावा, मग पुढचं. ओटीटी जोडून मिळणारे प्लॅन घेताना त्यातली किती ॲप तुम्ही एरवी पैसे देऊन घेतली असती तेवढीच मोजा.

एक खर्च कुणी सांगत नाही. जुना टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, घरची लाईट गेली तरी चालू. फायबरचा फोन तसा नाही, घरातल्या मोडेमला वीज लागते. घरात वयस्कर माणसं लँडलाइनवर अवलंबून असतील तर राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या, साधारण बाराशे ते दोन हजार. लोडशेडिंगच्या गावात तर तो लागतोच. नंबराचंही पाहा: बीएसएनएलच्या तांब्याच्या तारेवरून त्यांच्याच फायबरवर गेलात तर जुना लँडलाइन नंबर मागून ठेवता येतो. दुसऱ्या कंपनीत तो नेता येत नाही. मोबाइलसारखी सोय लँडलाइनला नाही.

वेग किती घ्यावा? नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-के साठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. तिघा-चौघांच्या घराला ३० ते ५० पुरतात, दोघे घरून काम करत असतील तर १००. ३०० चे प्लॅन माझ्या मते बहुतेकांसाठी मिरवायचे. मर्यादेचीही चिंता नको: फायबरच्या 'अनलिमिटेड'ला महिना सुमारे ३,३०० जीबीची वेस असते, म्हणजे दिवसाला ११० जीबी. एचडी चित्रपट तासाला ३ जीबी खातो असं धरलं तर रोज ३६ तास बघावं लागेल.

घरापर्यंत कुठलीच बरी वायर येत नसेल, तर गच्चीवर डबा लावून मिळणारं ५जी एअरफायबर आहे. जिओचं ३० एमबीपीएसचं ५९९ अधिक कर, डेटा १,००० जीबी. मोबाइल टॉवर गजबजला की तेही बसतं, पण जुन्या डीएसएलपेक्षा नक्की बरं.

मग निवड कशी? दारात फायबर येत असेल तर तांब्याच्या तारेत आणखी एक रुपयाही घालू नये, मग ती कुणाचीही असो. फायबर नसेल, तर गच्चीवरची लॅन वायर डीएसएलपेक्षा वेगात सरस ठरते, पण शेजाऱ्याने हमी दिली तरच. डीएसएल ठेवावं ते फक्त जिथे दुसरं काहीच पोचत नाही तिथे, आणि तेही सर्वात स्वस्त प्लॅनवर. ऑफिसचं व्हीपीएन किंवा बाहेरून घरचा सीसीटीव्ही बघायचा असेल तर केबलवाल्याला पब्लिक आयपीबद्दल आधीच विचारा. बरेच जण तो देत नाहीत, किंवा वेगळे पैसे घेतात.

बिघाड झाला की तोंडी सांगून थांबू नका, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. तिथे दाद नाही लागली तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं असतं. दूरसंचार नियामक ट्राय व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे.

नवीन जोडणी झाल्याच्या दिवशीच जुनी तोडू नका. एक महिना दोन्ही चालू ठेवा, एक बिल जास्त गेलं तरी चालेल. मग जुन्या कंपनीला लेखी अर्ज द्या, मोडेम परत केल्याची सही-शिक्क्याची पोच घ्या, बँकेतलं ऑटो-पे बंद करा आणि डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत ती पोच फाइलमध्ये ठेवा.