गृहभेट आणि स्तन्यपान : वैद्याचे कर्तव्य

सूतिका रुग्णालयातून घरी परतते, त्याच सुमारास स्तन दाटून येतात, स्तनाग्रांस चिरा पडतात आणि बाळ वारंवार रडते. मग घरातील वडीलधारी मंडळी ‘दूध पुरत नाही’ असा निष्कर्ष काढून भुकटीचा डबा आणवितात. ती चिकित्सालयात येईपर्यंत बाळाला बाटलीची सवय लागलेली असते. म्हणूनच आम्ही गृहभेटीचा आग्रह धरतो.

गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी केलेल्या नवजात-सेवेने बालमृत्यू लक्षणीय घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन्यपानास साहाय्य हा त्या सेवेचा एक भाग होता. २०११ पासूनच्या शासकीय योजनेत आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देते. वैद्याने तिच्याशी सहकार्य ठेवावे.

भेटीत काय पाहावे? प्रथम एक स्तन्यपान प्रत्यक्ष पाहावे. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनास टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग बराचसा मुखात असावा. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणे, पहिल्या आठवड्यानंतर ६ वा अधिक वेळा मूत्रप्रवृत्ती आणि दोन आठवड्यांत जन्मवजन भरून येणे, ही पुरेशा स्तन्याची लक्षणे होत. केवळ रडणे हे अल्पस्तन्याचे लक्षण नव्हे. बाळ सुस्त असल्यास, पीत नसल्यास वा ज्वर असल्यास तत्काळ बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

शास्त्रविचार. सुश्रुताचार्यांनी अपत्यस्नेह हे स्तन्यप्रवृत्तीचे, तर क्रोध, शोक व अवात्सल्य हे स्तन्यनाशाचे कारण सांगितले आहे. चिंता व वेदना यांमुळे ऑक्सिटोसिनचा स्राव मंदावतो, हे आधुनिक ज्ञान त्याच्याशी जुळते. मात्र आरंभीच्या दिवसांतील मधु-घृताच्या विधानाबाबत आज वेगळा निर्णय घेणे भाग आहे. चीक बाळास रोगप्रतिकारक द्रव्ये देतो. एक वर्षाखालील बाळास मधामुळे बोटुलिझमचा धोका संभवतो. येथे प्रत्यक्षास प्रमाण मानण्यात शास्त्राचा अवमान नाही. जन्मानंतर तासाभरात स्तन्य व सहा महिने केवळ स्तन्यच द्यावे.

चरकोक्त स्तन्यजनन गणात दहा द्रव्ये आहेत. शतावरीही रूढ आहे. परंतु स्तन रिक्त होत नसेल, तर कोणतेही कल्प पुरेसे ठरणार नाहीत. आधी पकड सुधारावी, मग औषध योजावे.

औषधी दुकानदारांस विनंती. १९९२ च्या कायद्याने (सुधारणा २००३) दुग्धपर्यायी भुकटी व बाटल्यांची जाहिरात आणि मोफत नमुने निषिद्ध आहेत. डबा मागणाऱ्यास ‘बाळ किती दिवसांचे?’ एवढे विचारावे आणि वैद्याकडे वा आशा कार्यकर्तीकडे पाठवावे. त्या एका प्रश्नाने एखाद्या बाळाचे स्तन्य टिकेल.