छत्तीस अधिकारी आणि एक प्राध्यापक

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात गणिताचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु प्रस्तुत लेखात आकडेमोड फारशी नाही. मांडणीचा, म्हणजे कॉम्बिनेटॉरिक्सचा एक प्रश्न आणि तो सोडविणारे प्रा. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांची ओळख करून देणे एवढाच येथे हेतू आहे.

प्रथम एक कोडे पाहू. मराठी, इतिहास व अर्थशास्त्र या विभागांतून प्रथम, द्वितीय व तृतीय वर्षाचा प्रत्येकी एक, असे नऊ विद्यार्थी घ्या. त्यांना तीन ओळींत असे बसवा की प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत प्रत्येक विभाग आणि प्रत्येक वर्ष एकदाच यावे. उत्तर असे :

म१ इ२ अ३
इ३ अ१ म२
अ२ म३ इ१

थोर गणिती ऑयलर यांनी १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हाच प्रश्न सहा पलटणी व सहा हुद्दे यांच्यासाठी, म्हणजे ३६ अधिकाऱ्यांसाठी, मांडला. त्यांना मांडणी सापडेना. २ साठीही ती अशक्यच. त्यावरून त्यांनी तर्क केला की चारने भागल्यास दोन उरतात अशा २, ६, १०, १४... या कोणत्याही संख्येसाठी ती अशक्य असावी. पुढे १९०० च्या सुमारास टॅरी यांनी सर्व शक्यता तपासून ६ पुरता तर्क खरा ठरविला. साहजिकच उरलेला तर्कही खराच असणार, अशी समजूत दृढ झाली.

श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागर येथे झाला. नागपुरात शिक्षण व पुढे अध्यापन करून त्यांनी १९५० साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. मिळविली. १९५९ मध्ये या गुरु-शिष्यांनी २२ साठी मांडणी करून दाखविली. तिची युक्ती पाहण्याजोगी आहे. पंधरा मुली सात दिवस तिघी-तिघींच्या गटांनी अशा फिरायला जातात की कोणत्याही दोघी नेमक्या एकदाच एका गटात येतात. आता सात नव्या मुली आणा आणि प्रत्येक दिवसाच्या सर्व गटांत एकेक नवी मुलगी घाला. चार-चारांचे ३५ गट झाले. सात नव्या मुलींचा आणखी एक गट करा. या २२ जणींपैकी कोणत्याही दोघी नेमक्या एकाच गटात भेटतात. ४ व ७ यांच्या मांडण्या ठाऊक होत्याच. त्या गुंफून २२ ची तयार झाली. पार्कर यांनी १० ची मांडणी दिली आणि तिघांनी मिळून सिद्ध केले की २ व ६ वगळता प्रत्येक संख्येसाठी ती शक्य आहे. १७७ वर्षांचा तर्क कोसळला! न्यूयॉर्क टाइम्सने ही वार्ता पहिल्या पानावर छापली.

हा नुसता बुद्धीचा खेळ नव्हे. शेताचा कस सर्वत्र सारखा नसतो. म्हणून बियाणे व खते यांची तुलना करताना वाफ्यांची आखणी अशाच चौरसांनी केली जाते.

१९६३ साली श्रीखंडे मुंबई विद्यापीठात आले व गणित विभागाचे प्रमुख झाले. वासंती भट-नायक, नवीन सिंघी यांसारखे संशोधक त्यांच्या हाताखाली तयार झाले. १६ बिंदूंचा एक आलेख आज जगभर ‘श्रीखंडे आलेख’ म्हणून शिकविला जातो. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ऑयलर लहान गणिती नव्हते, आणि श्रीखंडे यांनीही त्यांचा अनादर केला नाही. ‘मला सापडले नाही’ आणि ‘ते नाहीच’ या दोन विधानांत अंतर आहे, एवढेच त्यांनी ओळखले. इतिहासाची साधने चाळताना किंवा साहित्याची मीमांसा करताना आपणही हे अंतर किती वेळा विसरतो! ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ म्हणून वहीत उतरवून घेतलेले एखादे विधान या वर्षी आपण स्वतः तपासून पाहिले, तर या प्राध्यापकाकडून आपण काही शिकलो असे होईल.