कान झाकण्याआधी

जुलैमधला रविवार होता. सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. बायको आणि मुलगी ठाण्याला गेल्या होत्या, आप्पा आंघोळीला गेले होते आणि मी आतल्या खोलीत हेडफोन लावून कुमार गंधर्व ऐकत बसलो होतो. आमची इमारत डोंबिवलीतली, जुनी. पावसाळ्यात न्हाणीघराचं लाकडी दार फुगतं. त्या दिवशी ते पक्कं अडकलं. आप्पा एक्याऐंशी वर्षांचे. त्यांनी दार ओढून पाहिलं, ठोठावलं, हाका मारल्या, शेवटी तांब्या बादलीवर आपटायला सुरुवात केली. तो आवाज भिंतीपलीकडच्या काकूंना ऐकू गेला. त्यांनी येऊन बेल वाजवली, मग मला तीनदा फोन केला. फोन लॅपटॉपशेजारी पालथा पडला होता.

चहा करावा म्हणून मी हेडफोन काढला आणि एकदम सगळं कानावर आलं. बेल, बादली, आणि आप्पांचा बसलेला आवाज. खांद्याने दार ढकललं तेव्हा ते ओला पंचा गुंडाळून पाटावर बसले होते, अंगाला कापरं भरलं होतं. चाळीस मिनिटं झाली होती. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू घरात आहेस हे माहीत होतं, म्हणून हाका मारत राहिलो."

हे वाक्य अजून कानातून गेलेलं नाही. म्हणून जे शिकलो ते लिहून ठेवतो आहे, कारण स्टुडिओचे बंद हेडफोन घरी रोजच्या गाण्यांसाठी घेणारे आता पुष्कळ झाले आहेत आणि दुकानात यातलं काहीच कोणी सांगत नाही.

मागच्या बाजूने बंद असलेला, ज्याला क्लोज्ड-बॅक म्हणतात तो हेडफोन स्टुडिओत फार कामाचा. गायक माईकसमोर उभा असतो, त्याच्या कानात वाद्यमेळ आणि तालाचा ठोका चालू असतो. तो ठोका हेडफोनमधून बाहेर झिरपला तर माईक तो पकडतो आणि तो गाण्यात कायमचा घुसतो. म्हणून वाट्या मागून बंद. सोनीचा एमडीआर-7506 हा 1991 साली आलेला हेडफोन आजही रेकॉर्डिंगच्या खोल्यांत दिसतो, तो याच कामासाठी. दुसरं काम दोष शोधण्याचं: टेपची खरखर, चुकीच्या जागी पडलेला जोड, माईकवर आदळलेला श्वास. म्हणजे हे आधी कामाचं हत्यार आहे, करमणुकीची वस्तू नंतर.

तरी आमच्या घरासाठी तो घेण्याचा निर्णय चुकला असं मी आजही म्हणणार नाही. दोन खोल्यांचं घर, बाहेर आप्पांच्या बातम्या, आत मुलीचा दहावीचा अभ्यास. मागून उघडा हेडफोन लावला तर शेजारी बसलेल्यालाही अख्खं गाणं ऐकू जातं. बंद हवा होता तो यासाठी. आणि पहिल्या रात्री जे ऐकलं ते विसरणं शक्य नाही. क्षयाच्या लांबलेल्या आजारातून उठल्यानंतरचं कुमारजींचं गाणं मी वीस वर्षं ऐकत आलो होतो, पण ते श्वास कुठे घेतात हे मला पहिल्यांदा त्या रात्री कळलं. तान तोडून सम गाठण्याआधी एक आखूड, झटक्यात ओढलेला श्वास. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. मी तेवढीच जागा पाच वेळा ऐकली.

चूक झाली ती खरेदीत, आणि तिथून एकीतून दुसरी चूक निघत गेली. दुकानदार म्हणाला, ओहम जितके जास्त तितका माल उंची. मी मान डोलावली. ओहम हा दर्जाचा आकडा नाही, विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आहे. बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 अशा तीन ओहममध्ये मिळतो. 250चा स्टुडिओतल्या यंत्रांसाठी, 32चा फोन-लॅपटॉपसारख्या साधनांसाठी. मी माझ्यासाठी उचलला तोही 250 ओहमचा. माझा कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. फोनला लावला तर आवाज पूर्ण वाढवूनही गाणं दुबळं, जीव नसलेलं. मग त्याच्यासाठी छोटा अ‍ॅम्प घ्यावा लागला, म्हणजे 9,000च्या वस्तूवर आणखी 5,000. अ‍ॅम्पला गोल खुंटी असते, ती फिरवावी तेवढा आवाज वाढतो. फोन निदान पडद्यावर इशारा देतो. अ‍ॅम्प काही बोलत नाही.

त्यात माझा चष्मा जाड काड्यांचा. गादी कानाभोवती घट्ट बसली तरच बंद हेडफोनचा खर्ज टिकतो. काडीमुळे फट राहिली की तबल्याचा बायाँ आणि तानपुऱ्याचा खर्ज तिथून निसटतो. मला वाटायचं हेडफोनच पातळ वाजतो, मी खुंटी वाढवायचो. हे तपासायची युक्ती अगदी सोपी आहे. गाणं चालू असताना दोन्ही वाट्या तळव्यांनी हलकेच दाबा. दाबल्यावर खर्ज भरून आला, तर फट आहे. मी बारीक तारेच्या काड्यांची फ्रेम करून घेतली आणि तोच हेडफोन निराळा वाजायला लागला.

तिसरी गोष्ट पंख्याची. बंद वाट्या बाहेरचा आवाज अडवतात खऱ्या, पण सारखा नाही. शिट्टी, बोलणं, बेल असे उंच पट्टीतले आवाज चांगले अडतात. पंख्याची घरघर, लोकलची धडधड, बसच्या इंजिनाचा हुंकार असले खालचे आवाज बऱ्यापैकी आत येतात. म्हणजे माणसाची हाक बंद आणि यंत्राची घरघर चालू, असा हा उलट्या चाळणीचा न्याय आहे. घरघरीवर मात करायला आपण आवाज वाढवतो आणि हाक आणखी दूर जाते. घरघर कापायचं काम नॉइज कॅन्सलिंगवाल्या हेडफोनचं, स्टुडिओच्या हेडफोनचं नाही. लोकलमध्ये रोज दीड तास ऐकणाऱ्याने स्टुडिओचा हेडफोन घेऊच नये असं माझं मत आहे. रस्त्यावर आणि फलाटावर तर कुठलाच लावू नये.

मे महिन्यापासूनच रात्री हेडफोन काढल्यावर माझ्या कानात बारीक कुंई वाजायची. सकाळपर्यंत जायची, म्हणून मी दुर्लक्ष केलं. आप्पांच्या प्रसंगानंतर, ऑगस्टमध्ये, कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. कागदावर दोन रेघा आल्या, डाव्या-उजव्या कानाच्या, आणि दोन्ही रेघांना 4,000 हर्ट्झपाशी खड्डा. खोल नाही, पण आहे. मोठ्या आवाजाने होणारी इजा बहुतेक याच जागी आधी दिसते, असं डॉक्टरांनी सांगितलं. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज पकडतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतील, 90 डेसिबलला फक्त 4. आवाज दहा डेसिबलने वाढला की वेळ दहा पटीने घटतो. मी रोज अडीच-तीन तास ऐकत होतो, आणि केवढ्या मोठ्याने, ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

आता मी काय करतो ते सांगतो. खोलीत शांतता असताना, पंखा बंद करून, गायकाचे शब्द नीट कळतील इतपत खुंटी फिरवली आणि त्या जागी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. ठिपक्यापुढे खुंटी जात नाही. पंखा चालू झाला तरी नाही. पहिले चार-पाच दिवस गाणं मंद वाटलं, मग कानाला तेच पुरायला लागलं. पाऊण तासाने हेडफोन काढून ठेवायचा, घरात एक फेरी मारायची. आणि हेडफोन काढल्यावर कानात कुंई वाजली, तर त्या दिवशी पुन्हा लावायचा नाही.

आवाजाच्या चवीबद्दलही बोललं पाहिजे, कारण पुष्कळांचा तिथेच हिरमोड होतो. दोष उघडे पाडण्यासाठी केलेला हेडफोन दोष उघडे पाडतोच. जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर पुढे येते. यातले बरेच हेडफोन वरच्या पट्टीत जरा तीक्ष्ण असतात. 'स' आणि 'श' टोचतात, तबल्याची चाट अंगावर येते, झांजा किरकिरतात. प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये 8,000 हर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल कमी केले की पुष्कळ फरक पडतो. यात कमीपणा नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ती धार कामासाठी हवी असते, आपल्याला रोज रात्री नको असते.

इक्वलायझरने न सुटणारा भाग वेगळा आहे. समोर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना मिळतो, खोलीत फिरून येतो. हेडफोनमध्ये डावं ते डाव्यालाच, उजवं ते उजव्यालाच. जुनी मोनो गाणी त्यामुळे थेट डोक्याच्या मध्यात वाजतात. सुरुवातीच्या काही स्टिरिओ मुद्रणांत तर एखादं वाद्य एकाच कानात कोंबलेलं असतं. काही प्लेअरमध्ये क्रॉसफीड नावाची सोय असते, ती दोन्ही बाजू थोड्या एकमेकींत मिसळते. जुन्या गाण्यांना ती जरूर लावून पाहा. त्यातून बंद वाट्यांमध्ये आवाज मागच्या भिंतीवर आपटतो, त्यामुळे जागा कोंदट वाटते. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात तानपुरा जसा चहूबाजूंनी पसरतो तसा तो या वाट्यांत पसरत नाही. म्हणून विलंबित ख्याल मी आता सुट्टीच्या सकाळी स्पीकरवर ऐकतो, सगळ्या घरासोबत. भावगीतं, गझल, एकट्या आवाजाची भजनं, पेटीवादन यांना मात्र हेडफोनसारखी जवळीक दुसरीकडे मिळत नाही.

आपल्या हवेचंही भान ठेवायला हवं. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या गाद्यांचं नकली कातडं सुटायला लागलं. सकाळी उशीच्या अभ्र्यावर काळे कपचे दिसले, मला वाटलं मुंग्या. आरशात पाहिलं तर कानामागे घामाला चिकटलेले तेच. दमट हवा आणि घाम यांनी हे पॉलियुरेथेनचं कातडं कुजतं, कोकणपट्टीत तर लवकरच. स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नका, ते आणखी लवकर फाटतं. ऐकून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने घाम टिपायचा, पावसाळ्यात हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात ठेवायचा. घेण्याआधी विचारून घ्या, गाद्या सुट्या मिळतात का. मखमली गाद्या उन्हाळ्यात सुखाच्या असतात, पण त्यांच्यातून हवा जाते, खर्ज थोडा उतरतो. गाद्या बदलल्यावर आवाजाचा लाल ठिपका पुन्हा तपासा.

वायरीचंही तसंच. स्टुडिओचे हेडफोन तीन-तीन मीटर वायरीचे किंवा गुंडाळी वायरीचे येतात. माझी वायर खुर्चीच्या चाकाखाली येऊन मुळाशी तुटली. लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने दहा मिनिटांत डाग दिला, तो अजून टिकून आहे. तरी सुटी निघणारी वायर असेल तर तीच घ्यावी. पकड फार आवळ असेल तर रात्रभर आठ-दहा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर हेडफोन ताणून ठेवावा, तीन-चार रात्रींत कानशिलं सुटतात.

आप्पांसाठी न्हाणीघराचं दार सुताराकडून रंधून घेतलं आणि आतली कडी काढून टाकली. बेलला मी बसतो त्या खोलीत एक दिवा जोडला आहे, वाजली की लुकलुकतो. फोन आता उताणा, डोळ्यांसमोर असतो. घरात आप्पा आणि मी दोघेच असू तेव्हा हेडफोन भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला असतो, गाणं स्पीकरवर हळू चालू असतं. आप्पांना माणिक वर्मा आवडतात, म्हणून बहुतेक त्याच असतात.

तुम्ही असा हेडफोन घेणार असाल तर आपला चष्मा लावून, आपल्या फोनला जोडून, दुकानात वीस मिनिटं तो घालून बसा. आणि घरी म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर कान झाकण्याआधी उठून त्यांच्यापाशी जा आणि सांगा, की आता मला ऐकू येणार नाही.