वेड, अपराध आणि न्याय

ज्याचें मन ठिकाणावर नाहीं, त्यास शिक्षा करणें न्याय्य होईल काय? इ. स. १८४३ सालीं लंडन शहरीं डॅनियल मॅक्नॉटन याने मुख्य प्रधान पील यांचे चिटणीस ड्रमंड यांस गोळी घातली, ड्रमंड दगावले. राजपक्ष आपला छळ करितो, या भ्रमानें तो पछाडलेला होता. पंचांनी त्यास निर्दोषी ठरवून वेड्यांच्या इस्पितळांत धाडिलें. लोकक्षोभ उसळला. तेव्हां उमरावसभेनें न्यायाधीशांस विचारून नियम ठरविला: कृत्यसमयीं मनोविकारामुळें कृत्याचें स्वरूप वा त्यांतील गैरपणा कळत नसेल, तरच आरोपी दोषमुक्त होईल.

हेंच तत्त्व १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या कलमांत आलें. २०२४ पासून तें न्याय संहितेच्या २२ व्या कलमांत आहे.

पुणेकरांस त्याची ओळख दुःखानें झाली. २५ जानेवारी २०१२ रोजीं स्वारगेटहून एका चालकानें एस. टी. गाडी पळविली, ९ जणांचे प्राण गेले. वेडाचा बचाव न्यायालयांत टिकला नाहीं. परंतु २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें फांशीऐवजीं जन्मठेप दिली.

आजार असणें निराळें, कृत्यसमयीं समज नसणें निराळें. मृतांच्या आप्तांचें दुःख व आरोपीचें मन, या दोहोंचा तोल राखणें हेंच न्यायाचें कठीण कर्तव्य होय.